एकाच नडगीवर चार वयांची मलमे

रविवार, २२ डिसेंबर

ही वही माझी आहे आणि ती कोणी वाचू नये. वाचलीच तर जेथे होती तेथे, त्याच घडीत परत ठेवावी. चाळीस वर्षे सरकारी कचेरीत दफ्तरी म्हणून फायली बांधल्या आहेत. कोणती फीत कोणी सोडून पुन्हा बांधली हे मला गाठीवरून आजही ओळखता येते.

मी अप्पासाहेब पिसाळ, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार सुदामा नगर, इंदूर. शिक्षण इयत्ता चौथी. परंतु ती चौथी मराठी शाळेची आहे. पणजोबा होळकर सरकारच्या घोडदळात होते. आमच्या घरात हल्ली मराठी, हिंदी आणि माळवी यांची भेळ बोलली जाते. शुद्ध बोलणारा मी एकटा उरलो आहे आणि मी बोलू लागलो की सर्वांना काहीतरी काम आठवते.

लिहिण्यास कारण की, माझ्या दोन्ही नडग्यांना खाज सुटली आहे. आरंभी वाटले डास असतील. परंतु कातडी राखाडी झाली असून तिच्यावर सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा दिसतात. नखाने रेघ ओढली असता पाटीवर पेन्सिलीची उठावी तशी पांढरी रेघ उठते. दुपारी जवळपास कोणी नसताना मी उजव्या नडगीवर ‘अ’ लिहून पाहिला. वळणदार आला. आनंद झाला नाही.

या रोगाचे नाव मला ठाऊक आहे. ते मी आज या वहीतही लिहिणार नाही.

धाकधूक एवढ्यासाठी की, चिरंजीव मनीषची थोरली मुलगी अनुश्री पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. पिसाळांच्या घरची रीत अशी की, बाराव्या दिवशी घरातील सर्वांत वडील पुरुषाने बाळाला मांडीवर घेऊन आपल्या तळहाताने त्याची टाळू तेलाने भरावयाची. मनीषची माझ्या वडिलांनी भरली. अनुश्रीची व तिची धाकटी बहीण ऋजुता हिची मी भरली. आता पणतवंडाची भरावयाची आहे. या नडग्या खाजविणारे हात घेऊन ते शक्य नाही. बाळ होण्यापूर्वी मला बरे झालेच पाहिजे.

उपाय एकच, स्वच्छता. उद्यापासून दिवसातून दोनदा स्नान, कडकडीत पाण्याने, लाल औषधी साबण लावून, दगडी वज्रीने घासून.

बुधवार, २५ डिसेंबर

स्नाने नेमाने चालू आहेत. पाणी असे की बाहेर आल्यावर अंगातून वाफ निघते. तरी खाज वाढून मांड्यांपर्यंत आली आहे. अर्थ उघड आहे, स्वच्छता अजून कमी पडते. उद्यापासून तीनदा.

आज न्हाणीघराबाहेर सौभाग्यवती शशिकला उभी होती. म्हणाली, “अहो, अंग आहे ते, तांब्याचा हंडा नाही. घासून घासून कल्हई करणार आहात का?”

मी म्हणालो, “आपले शहर देशात स्वच्छतेबद्दल नावाजलेले आहे. नागरिकांनी मागे राहू नये.”

“मग सडक धुवा,” म्हणाली.

धोतर सोडून मी पायजमा घालू लागलो आहे, त्यावर मात्र ती काही बोलली नाही. तिच्या लक्षात आले नसावे.

शुक्रवार, २७ डिसेंबर

आज एक गैरकृत्य केले.

ऋजुता सतरा वर्षांची आहे. भंवरकुआंला कोचिंग क्लासला जाते आणि उरलेला वेळ आरशासमोर मुरुमे मोजते. त्यांवर लावावयाची तिची एक नळी आहे. तिच्यावर इंग्रजीत पुष्कळ काही लिहिले आहे. जे औषध तरुण रक्ताच्या मुरुमांना हटविते ते माझ्या खाजेला का हटविणार नाही, असा विचार करून मी ती उजव्या नडगीवर निम्मी रिकामी केली.

अर्ध्या तासात पायाला मिरची लावल्यागत झाले. कातडी आणखी ताणली. वरून पापुद्रेही सुटू लागले.

संध्याकाळी ऋजुताने घर डोक्यावर घेतले. “माझी ट्यूब कोणी यूज केली? मम्मी, हे भोत झालं आता. मी हिशेबाने लावून राहिली आहे, मटर के दाने जितकी, आणि इथे कोणी पराठ्यावर लोणी लावल्यासारखी लावली.”

लक्ष दुसरीकडे वळविण्यासाठी मी तिला म्हणालो, “आमच्या वेळी मुली मसुराच्या डाळीचे पीठ दुधात कालवून लावीत आणि त्यांचे चेहरे तजेलदार असत.”

“आजोबा, मी ते पण लावलं होतं. चेहऱ्यावर नुसतं वरण झालं.”

तिची आजी हसली. हसताना तिने माझ्याकडे पाहिले, ऋजुताकडे नव्हे. का, ते कळले नाही.

रविवार, २९ डिसेंबर

दुसरे गैरकृत्य. याचा परिणाम निरपराध माणसाला भोगावा लागला म्हणून सविस्तर नोंद करतो.

सूनबाई शिखा पन्नाशीची आहे. तिच्या आरशापुढे काचेची एक ठेंगणी बरणी असते. ती रात्री लावावयाची असून वय थांबविते असा समज आहे. मी ती सकाळी लावली. माझे वय थांबविण्यात आता कोणाचेच हित नाही, परंतु मलम मऊ होते. दोन तास खरोखर सुखाचे गेले. नंतर तिसरे स्नान केले आणि ते सुख साबणाबरोबर वाहून गेले.

दुपारी माझा धाकटा भाऊ अच्युत आला. तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, बी. ए., निवृत्त शिक्षक. सत्तरीतही त्याची कातडी चिंचेने घासलेल्या समईसारखी चकाकते आणि हे त्याला माहीत आहे. पलंगावर टेकताच नाक वर करून म्हणाला, “दादा, तुमच्याकडून गुलाबाचा सुगंध येऊन राहिला आहे.”

मी म्हणालो, “पूजेची फुले असतील.”

“गुडघ्यापाशी पूजा केली का?”

मी उत्तर दिले नाही. वडीलपणाचा हाच एक उपयोग आहे.

नंतर शिखाने बरणीचे झाकण उघडले. संशय मनीषवर आला, कारण परवाच तो आरशात पाहून “फार काळवंडलो” म्हणाला होता. ती म्हणाली, “तुम्हाला क्रीमचा एवढा शौक आहे तर बोला ना, वेगळी आणून देते. चोरून का?”

मनीष म्हणाला, “अगं, मी तर दाढीचा फेस पण पूर्ण पुसत नाही.”

“म्हणजे चेहऱ्यावर थापता आणि वरून झूठ.”

मनीष बावन्न वर्षांचा असून ओरडा खाताना अजून दहा वर्षांचा दिसतो. मी वर्तमानपत्र वाचीत राहिलो. पान उलटावयाचे विसरलो.

मंगळवार, ३१ डिसेंबर

घरातील व्यवस्था ढासळत चालली आहे. न्हाणीघरातील वज्री नाहीशी झाली. लाल साबणाच्या जागी कोणीतरी पांढरा, बुळबुळीत, फेस न येणारा साबण ठेवला. गीझरही बिघडला असावा, पाणी कोमटच येते. शिवाय पाटाजवळ खोबरेल तेलाची वाटी कोणीतरी निष्काळजीपणे विसरून गेले होते, तीही कोमट. पाय घसरून कोणी पडले असते. ती उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, गीझरची कळ पुन्हा पूर्ण फिरविली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा लाल साबण आणला. शशिकलाला हे सर्व सांगितले तेव्हा ती बराच वेळ कपाळाला हात लावून बसली. गृहिणीला अव्यवस्थेचे दुःख होतेच.

अनुश्रीची एक बाटली असते. पोटाची कातडी ताणून वळ उठू नयेत म्हणून ती लावते. तीही पाहिली. लाभ नाही. मला वळ उठण्याचा प्रश्न नाही.

शेवटचा प्रयत्न म्हणून दवाखान्यात न्यावयाच्या पिशवीतून बाळासाठी आणलेला पावडरचा डबा काढला आणि त्यात हात घालून दोन्ही पायांवर पावडर शिंपडली. पाय दशम्या थापावयास घेतल्यासारखे दिसू लागले. खाज तशीच. डबा होता तसा ठेवून दिला.

गुरुवार, २ जानेवारी

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी अनुश्रीला मुलगा झाला. वजन दोन किलो नऊशे ग्रॅम. दोघांची प्रकृती उत्तम.

सर्वजण दवाखान्यात गेले. घराला कुलूप लावून जाणे बरे नव्हे असे सांगून मी मागे राहिलो. सर्वांना आश्चर्य वाटले. शेजाऱ्यांना पेढे मी वाटले. डबा पुढे केला, पेढा त्यांनाच उचलू दिला.

रविवार, ५ जानेवारी

आज बाळ घरी आले. अनुश्रीने दारातच त्याला माझ्यापुढे धरले. “घ्या आजोबा. तुमचं नाक आलं आहे बघा.”

मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. म्हणालो, “सोयर आहे. दहा दिवस मी बाळाला शिवणार नाही.”

अच्युत तेथेच बसला होता. तो म्हणाला, “दादा, हे लेकीचं बाळ. माहेरच्यांना दहा दिवस कुठलं सोयर? फार तर तीन, आणि तेही आज संपले.”

बी. ए. माणसाला गप्प कसे करावे हे चौथीत शिकवीत नाहीत. माझ्या तोंडून निघून गेले, “मग या खेपेस टाळूही तूच भर. मला गुडघ्यांमुळे मांडी घालून बसवत नाही.”

मी रोज सकाळी अर्धा तास मांडी घालून जप करतो हे घरातील मांजरालाही माहीत आहे.

अच्युतचा चेहरा प्रथम उजळला, मग पडला. “दादा, तब्येत तर ठीक आहे ना?”

“उत्तम आहे.”

अनुश्रीने बाळाला छातीशी घेतले. जाता जाता ऋजुताला म्हणाली ते मला ऐकू आले. “माझं बाळ आजोबांना आवडलं नाही वाटतं.”

नाक खरोखर माझे आहे. दुरूनही दिसते.

मंगळवार, ७ जानेवारी

आज सर्व खरे लिहितो, कारण आता लपवून उपयोग नाही.

सकाळी सखुबाई बाळाला न्हाऊ घालीत होती. ती गेली तीस वर्षे या वस्तीतील बाळे न्हाऊ घालते. मी दाराच्या फटीतून पाहिले. बाळाच्या घोट्यांवरून आणि मनगटांवरून कातडीचे पापुद्रे सुटत होते. पांढरे, पातळ. माझ्या नडगीवरून सुटतात तसेच.

मी त्याला शिवलोही नव्हतो. परंतु पावडरच्या डब्यात माझा हात गेला होता.

रोगाचे नाव खरूज. मला ती इयत्ता चौथीत झाली होती. गुरुजींनी मला वर्गाबाहेर ओसरीवर बसविले. पाटी खिडकीतून दाखवावी लागे. दोन महिने तसे बसलो आणि मग शाळेत गेलोच नाही. पुढे लोकांना सांगत आलो की परिस्थितीमुळे शिक्षण सुटले. परिस्थिती होती, परंतु कारण ते नव्हते.

तेवढेच असते तर सोसले असते. त्याच वर्षी अच्युतचा जन्म झाला. मला भाऊ झाल्याचा आनंद फार. आईचा डोळा चुकवून मी त्याला उचलून घेत असे. आठवड्याभरात त्याच्या सर्व अंगावर पुरळ उठले. महिनाभर तो रडला. आई मला म्हणाली, “तू त्याच्याजवळ येऊ नकोस.” औषधाने आम्ही दोघे बरे झालो, परंतु ‘आता ये’ असे सांगावयाचे आईच्या लक्षात राहिले नाही, आणि मीही विचारले नाही.

आता पुन्हा तेच झाले. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आता ऐंशीला आलो तरी तेच.

कोणाला सांगावे याचा विचार करीत असता शशिकला आली. तिच्या टाचांना भेगा पडल्या असून फार दुखते, तुकोगंजात कातडीच्या एक चांगल्या डॉक्टरीणबाई आहेत, उद्या तिला तेथे नेऊन आणावे, असे म्हणाली. एरवी मी मनीषवर सोपविले असते. आज ताबडतोब होकार दिला. योगायोग कधी कधी देवाने पाठविल्यासारखा असतो.

बुधवार, ८ जानेवारी

डॉक्टरीणबाईंचे नाव शलाका. वय पस्तिशीचे, आपल्याच समाजातील, परंतु मराठी इंदुरी.

त्यांनी शशिकलाच्या टाचा पाहिल्या. उजवी पाहिली, डावी पाहिली, पुन्हा उजवी पाहिली. मग बराच वेळ शशिकलाकडेच पाहिले. रोग गंभीर असावा असे मला वाटले. मला तर टाचा गुळगुळीत दिसल्या, परंतु मी तज्ज्ञ नव्हे.

नंतर त्या म्हणाल्या, “आजींचं बघते मी. आजोबा, तुम्हाला तर काही त्रास नाही ना?”

मी शशिकलाला म्हणालो, “तू जरा बाहेर बसतेस काय? मला यांच्याशी एका सार्वजनिक विषयावर बोलावयाचे आहे.”

ती इतक्या चटकन उठली की दुखऱ्या टाचांच्या मानाने नवल वाटले.

दार लागल्यावर मी उभा राहिलो आणि म्हणालो, “बाई, मला खरूज झाली आहे आणि माझ्यामुळे सहा दिवसांच्या बाळाला लागण झाली आहे. बाळाला आधी तपासावे. माझे नंतर पाहिले तरी चालेल.”

त्या हसल्या नाहीत. मला बसविले. पायजमा वर घ्यावयास लावला. मग पायांऐवजी हात पाहू लागल्या, भिंग धरून, एकेका बोटाची बेचकी, मनगटे, कोपर.

“घरात आणखी कोणाला खाज आहे?”

“नाही.”

“आजी तुमच्याच खोलीत झोपतात? अंथरूण-पांघरूण सगळं साथ मध्येच?”

“होय.”

“आणि अडीच हप्त्यांत त्यांना काही झालं नाही. आजोबा, खरूज इतकी शरीफ नसते. ती पहिले बोटांच्या बेचक्यांत घुसते, मग घरभर फिरते. तुमची बोटं अगदी साफ आहेत. आंघोळ किती वेळा करता?”

“तीनदा.”

“पाणी?”

“कडकडीत. लाल साबण. वज्री होती, ती हरवली.”

“ज्याने हरवली त्याचा सत्कार करा. आणखी काय लावलं पायांना?”

मी सर्व सांगितले. नळी, बरणी, बाटली, डबा. त्या लिहून घेत होत्या. मध्येच लेखणी ठेवून त्यांनी डोळे पुसले, म्हणजे अखेर हसल्याच.

“तुमच्या घरात चार वयांच्या चार चमड्या आहेत, आजोबा, आणि तुम्ही चौघांचा माल एका नडगीवर लावला. सतरा वर्षांच्या मुलीच्या अंगात तेल जास्त असतं, तिची ट्यूब ते तेल सुकवते. तुमच्या अंगात सुकवायला तेल उरलंच कुठे आहे? पोट ताणतं त्या मुलीची बाटली वेगळी, पन्नाशीतल्या बाईची बरणी वेगळी. ती बरणी तुम्हाला थोडी तरी चालली असती, पण तुम्ही लगेच आंघोळ केली. ऐंशीच्या चमडीत पाणी टिकत नाही. जे थोडं असतं ते तुम्ही रोज तीनदा उकळून बाहेर काढून राहिले आहात.”

“आणि बाळ?” मी विचारले. मला फक्त तेच ऐकावयाचे होते.

“बाळ नऊ महिने पाण्यात होतं. बाहेरच्या हवेत पहिल्या एक-दोन हप्त्यांत सगळ्याच बाळांचे असे पापुद्रे सुटतात. आपोआप जातं. पावडर मात्र कोणालाच लावू नका, बाळाच्या नाकात जाते. त्याची चमडी नवी आहे म्हणून सुटते, तुमची जुनी आहे म्हणून. ना तुम्ही त्याला काही दिलं, ना त्याने तुम्हाला.”

मी विचारले, “मी त्याला हात लावू शकतो?”

“आजच लावा. हात धुवून, नखं कापून. टाळूवर दाब द्यायचा नाही, एवढंच.”

टाळूविषयी मी काही बोललो नव्हतो. डॉक्टर लोकांना अनुभवाने पुष्कळ समजते.

मला आदेश मिळाले ते असे: स्नान एकदाच, कोमट पाण्याने, पाच मिनिटांत. साबण सौम्य, तोही काखेत व जांघेत. अंग पंच्याने टिपावयाचे, घासावयाचे नाही, आणि ते ओलसर असतानाच लिहून दिलेले साधे, बिनवासाचे मलम चोळावयाचे. खाजवावयाचे नाही. अक्षरे काढावयाची नाहीत.

बाहेर येऊन शशिकलाला म्हणालो, “सार्वजनिक विषय आटोपला.”

“आटोपला का? बरं झालं,” ती म्हणाली. तिच्या टाचांसाठी त्यांनी काहीच लिहून दिले नाही हे घरी आल्यावर लक्षात आले. विचारले तर म्हणाली, आता दुखत नाहीत. बायकांची दुखणी अशीच. असो. माझ्याविषयी तिला काही कळले नाही, हे एक मोठे समाधान.

शनिवार, ११ जानेवारी

तीन दिवस नियम पाळला. अंग शांत आहे. नडगीवर बोट फिरविले तर रेघ पुसट उठते, ‘अ’ वाचता येणार नाही.

परंतु दुसरा पेच उरला आहे. टाळू भरण्याचा मान मी माझ्या तोंडाने अच्युतला दिला. शिखा सांगत होती की त्याने त्यासाठी नवे उपरणे आणले, आणि त्याच्या सुनेच्या सांगण्यावरून तो रोज बाहुलीवर सराव करतो. दिलेला शब्द परत कसा घ्यावा? गुडघे बरे झाले म्हणावे तर सहा दिवसांत कोणाचे होतात? जो जो खोटा मजकूर सुचला तो तो लिहून पाहिला. एकही फायलीत लावण्याजोगा नाही.

खरे सांगावे तर ओसरीपासून सांगावे लागेल. ते मी शशिकलालाही कधी सांगितलेले नाही.

आज बाळ अंगणात उन्हाला ठेवले होते. मी खुर्ची पाच हातांवर ठेवून बसलो. अनुश्री पाहत होती. मी जवळ गेलो नाही. जे करावयाचे ते आधी नीट करून, मग.

रविवार, १२ जानेवारी

सकाळी स्नान करून, मलम लावून अच्युतकडे गेलो. मी त्याच्या घरी न बोलावता जात नाही, म्हणून त्याला वाटले कोणी गेले. “दादा, कोण?” म्हणाला.

“कोणी गेले नाही. बस.”

सून चहा ठेवून आत गेली. मी सुरुवातीपासून सांगितले. खाज, मलमे, तुकोगंज. मग शाळेची ओसरी, खिडकीतून दाखविलेली पाटी. मग तो पाळण्यात असतानाचे. शेवटी म्हणालो, “तुझ्या अंगावर जे उठले होते ते माझ्यामुळे. आई मला तुझ्याजवळ येऊ देत नसे, आणि ती बरोबर होती. हे तुला सांगावयास सत्तर वर्षे लागली, त्याबद्दल दिलगीर आहे.”

अच्युत बशीतला चहा तसाच धरून राहिला.

मग म्हणाला, “म्हणून का? पहिलं उटणं नेहमी माझ्या अंगाला, पोह्यांवरची जास्तीची शेव माझ्या बशीत, बाबांची रस्त्याकडची खोली मला. आणि मला कॉलेजात घातलं ते पण, तुम्ही नोकरी धरून. ते सगळं खरजेपायी?”

“काही अंशी.”

“दादा, हे तो कमाल झालं. मी आयुष्यभर समजून राहिलो होतो की मी बी. ए. आहे म्हणून तुम्ही मला मान देता.”

“बी. ए. तू नंतर झालास. शेव त्याआधीपासून मिळत होती.”

त्याने बशी खाली ठेवली. “मला तर त्यातलं काहीच आठवत नाही हो. तुम्ही एकटेच आठवत बसले. एकदा तरी विचारायचं होतं ना.” मग डोळे मिचकावून म्हणाला, “पण शेव मी परत देणार नाही.”

नंतर त्याने हात पुढे करून माझा हात मागितला. मी दिला. त्याने तो उलटा केला, सुलटा केला, अंगठ्याने तळवा दाबून पाहिला, जसा तो वर्गात मुलांची नखे तपासत असेल. त्याने माझा हात धरल्याचे मला पूर्वी कधी स्मरत नाही.

“मऊ आहे की,” म्हणाला. “उद्या तुम्हीच भरा. उपरणं मी तरी घालणारच, आणलं आहे तर. आणि दादा, एक सांगतो, कोणाला सांगू नका. माझी ही चमक काही खानदानी नाही. सून जे लावते ते मी वीस साल से लावून राहिलो आहे. तिने पकडलं, तेव्हापासून ती माझी वेगळी बरणी आणते.”

मला फार बरे वाटले. हे लिहिणे शोभत नाही, परंतु ती वस्तुस्थिती आहे.

घरी येऊन मनीषला एकट्यास गाठले आणि सांगितले की बरणी मी रिकामी केली. तो म्हणाला, “बाबा, मला माहीत होतं. तुमच्या पायजम्यातून गुलाब येत होता.”

“मग ओरडा का खाल्लास?”

“तुम्ही कधी काही घेत नाही. एकदा घेतलं, तर म्हटलं घेऊ द्या.”

सोमवार, १३ जानेवारी

आज बारसे झाले.

मी धोतर नेसलो. नखे काल कापली होती, आज पुन्हा पाहिली. हात दोनदा धुतले, कोमट पाण्याने. पाटावर मांडी घातली तेव्हा अनुश्रीने माझ्या गुडघ्यांकडे पाहिले, मग माझ्या तोंडाकडे.

मी तिला म्हणालो, “गुडघ्यांविषयी मी असत्य बोललो होतो. मला एक रोग झाल्याचा माझा समज झाला होता आणि तो बाळाला होईल अशी भीती वाटत होती. बाळ मला पहिल्या दिवसापासून आवडले आहे. नाकासह.”

तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवले. ठेवताना तिचे कपाळ माझ्या खांद्याला लागले आणि क्षणभर तसेच राहिले. ऋजुता फोन धरून चित्रण करीत होती. ती म्हणाली, “आजोबा, थोडं इकडे बघा. आणि माझी ट्यूब घेऊन द्यायची आहे, हे पण कॅमेऱ्यावर बोला.” म्हणजे तिलाही ठाऊक होते. या घरात आणखी कोणाकोणाला काय काय ठाऊक आहे याची चौकशी मी आता करणार नाही.

नाव ठेवले ते देवांश. माझी सूचना यशवर्धन अशी होती, पिसाळांच्या इतिहासाला धरून. ती बहुमताने फेटाळली गेली. शिखा म्हणाली, “बाबा, एवढ्याशा जिवाला एवढं लांब नाव? उचलणार कसं?”

अच्युत नव्या उपरण्यात माझ्या उजव्या बाजूला बसला आणि तेलाची वाटी त्याने धरली. सखुबाई मागून सूचना करीत होती. “दाबू नका हो दादाजी, फक्त ठेवा. तेल आपलं आपण जातं.”

मी तळहातावर तेल घेतले आणि हात देवांशच्या टाळूवर ठेवला. कातडी इतकी पातळ की ती आहे की नाही याची शंका यावी. तिच्या खाली टाळू उडत होती, लहान, भराभर, कोणीतरी आतून बोटाने दार वाजवावे तशी. त्याच्या मनगटावरचे पापुद्रे बहुतेक गेले होते. माझ्या हातावरचे डाग, शिरा, सुरकुत्या सर्व होत्या तेथेच होत्या. त्याने एकदा कपाळाला आठी घातली, माझ्यासारखी, आणि मग सोडून दिली.

लोक बोलत होते. घुगऱ्या वाटल्या जात होत्या. कोणीतरी माझे छायाचित्र घेतले.

शशिकला माझ्या जवळ वाकली आणि हळू म्हणाली, “अहो, जिरलं तेल. उचला आता हात.”

मी म्हणालो, “अजून जिरावयाचे आहे.”